नागपूरहून एका दिवसात अभयारण्य आणि प्राचीन बौद्ध मंदिरं होतील का?

होतील. पहाटेची सफारी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याला करा. वाघ दिसला तर उत्तम, पण सागाच्या पानांवरून चितळांचा कळप जाताना ऐका. पावसाळ्यात सफारी बंद असते. तिथून थेट पवनी.

मात्र इथे उभी मंदिरं नाहीत, स्तूपांचे अवशेष आहेत. १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं, देवळाखालीच विटांचा स्तूप निघाला. सापडलेल्या एका स्तंभावर बुद्धाच्या रिकाम्या आसनावर मुचलिंद नाग, म्हणजे बुद्धाचं पावसापासून रक्षण करणारा नागराजा, फणा धरून आहे, सोबत ब्राह्मीत त्याचं नाव. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम, आपल्या वैनगंगेकाठचं! मला तर वाघाइतकंच मोठं वाटतं. गावाभोवतीचा जुना तटही चालत बघा. टेकडीवरच्या विटा कृपया उचलू नका.