लाल शाईने लिहिताना

चि. …,
अनेक आशीर्वाद.

वर्गातली अल्पसंख्याक समाजांतली मुले हुशार असूनही मागे का पडतात, असे तू विचारलेस. गरिबी, भाषा ही कारणे खरीच आहेत. परंतु शिक्षकाच्या हाती असलेल्या कारणाबद्दलच मी लिहितो. शाळा आपल्याशी न्यायाने वागते की नाही, हे मूल रोज पारखत असते, आणि तो विश्वास उडाला की शिक्षकाने दाखवलेली चूक सुधारण्याचे कष्टही ते घेईनासे होते.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात शिक्षकांनी सातवीच्या मुलांचे निबंध नेहमीसारखेच काटेकोर तपासले. काही निबंधांना चिठ्ठी जोडली होती: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकशील याची मला खात्री आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत. इतरांना नुसतेच ‘अभिप्रायासाठी’ अशा अर्थाचे वाक्य मिळाले. या दुसऱ्या गटातील कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनीच निबंध पुन्हा लिहिला, तर पहिल्या गटात हे प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक होते. प्रयोग लहान होता, हे ध्यानात ठेव. तरी ज्यांचा शाळेवर विश्वास कमी, त्यांच्यावरच त्या वाक्याचा परिणाम जास्त झाला, हे मला फार बोलके वाटते.

शिस्तीचेही तसेच. 2015 च्या एका अभ्यासात, मुलाच्या पहिल्या आगळिकीकडे शिक्षकांनी साधारण सारख्याच नजरेने पाहिले. दुसऱ्या वेळी मात्र नाव कृष्णवर्णीय वाटणाऱ्या मुलासाठी त्यांनी अधिक कडक शिक्षा सुचवली. तुझी खरी परीक्षा त्या दुसऱ्या वेळी आहे.

माझ्या हातूनही हे घडले आहे. एका मुलीने गणित वेगळ्या रीतीने, अचूक सोडवले होते आणि मी समासात लिहिले, ‘कोणाचे पाहून?’ ती काहीच बोलली नाही. ते पान तिने पुढच्या पानाला डिंकाने चिकटवून टाकले आणि वर्षभर वर्गात हात वर केला नाही. तीच रीत दुसऱ्या कोणी वापरली असती, तर मी त्याला फळ्यापाशी बोलावले असते. याची खंत मला अजून आहे.

शक्य तेव्हा नाव झाकून तपास. सोपे काम किंवा पोकळ शाबासकी देऊ नकोस. त्यामागची कीव मुलांना लगेच कळते. पहिल्या चाचणीनंतर वह्या परत देण्याआधी आपले शेरे सलग वाचून पाहा आणि कोणाच्या वाट्याला सूचना आल्या, कोणाच्या वाट्याला संशय आला, ते मला कळव.

तुझा हितचिंतक