मुलगा खोटं बोलत नाहीये, तुम्ही पाहिलेला आलेख वेगळा होता

परभणीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला, जेईईची तयारी चालू. त्याचा कॉम्प्युटर रात्रंदिवस 'आइन्स्टाइन ॲट होम' या, स्वयंसेवकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खगोल संशोधन प्रकल्पासाठी गणितं करतो आणि विजेचं बिल महिन्याला १४० युनिटांनी वाढलंय. वडिलांनी टास्क मॅनेजर उघडला, तर ग्राफिक्स कार्डाचा आलेख २ टक्क्यांवर, प्रोसेसर १३ टक्क्यांवर. 'संशोधन ही थाप आहे, हा गेम खेळतो' असं ठरवून त्यांनी कार्ड काढून कपाटात ठेवलं. ९५ पर्सेंटाइल आले की परत. याला वळण कसं लावू, असं ते विचारतात.

तुमच्या पत्रात मार्कांपेक्षा त्या कपाटानेच मला जास्त अस्वस्थ केलं. तुम्ही मुलाला खोटारडा ठरवलंत, आणि तेही चुकीच्या आलेखावरून.

टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा जो पहिला आलेख दिसतो, तो 'थ्रीडी'चा. गेमचं चित्र रंगवण्याचं काम तिथे मोजलं जातं. ही गणितं वेगळ्या खात्यात जातात. आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून 'कॉम्प्युट' किंवा 'कुडा' निवडा, म्हणजे कार्ड राबताना दिसेल. गेम चालू असता तर उलट थ्रीडीचाच आलेख वर गेला असता. प्रोसेसरचे १३ टक्केही बरोबर आहेत. प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या आठ कामांपैकी (थ्रेडपैकी) एक पूर्ण गुंतला की साडेबारा होतात, आणि तो एक थ्रेड कार्डाला माहिती पुरवत असतो. आता बिल बघा. कॉम्प्युटर २०० वॉट जास्त ओढत असेल, तर २४ तासांत ४.८ युनिट, महिन्याला १४४. तुमचं बिलच मुलाच्या बाजूने साक्ष देतंय.

बिलाची तक्रार मात्र रास्त आहे. हा प्रकल्प ज्यातून चालतो त्या बॉइंक सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रोजची वेळ ठरवता येते. रात्री आठ तास पुरे. कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (वीज वापराची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा. वीज बरीच वाचते, वेग त्या मानाने कमी घटतो. एप्रिल-मेमध्ये सरळ बंद, कारण ओढलेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते. परीक्षेआधी बॉइंकमध्ये 'नवीन काम नको' निवडून हातातलं संपवू द्यावं. कार्ड अचानक उपसलं की घेतलेली कामं मुदत संपेपर्यंत लटकतात, आणि ताळा जुळवायला तेच काम करून बसलेला दुसरा माणूस खोळंबतो.

या कामाबद्दल प्रकल्पात मिळणारे गुण, म्हणजे क्रेडिट, कुठल्याही प्रवेशात धरले जात नाहीत, एवढं मुलालाही स्पष्ट सांगा. पण याच प्रकल्पात २०१० साली स्वयंसेवकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर नवा पल्सार (वेगाने फिरणारा, ठरावीक अंतराने स्पंदनं पाठवणारा मृत तारा) सापडला, आणि हा प्रकल्प गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळांची माहितीही चाळतो. त्याच लायगोची भारतातली वेधशाळा तुमच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. जेईई आणि सीईटी द्यायच्याच. सोबत आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, हीही भरा. मुलाला काय व्हायचंय, याबद्दल दोन पानी पत्रात एक ओळही नाही. ते विचारलंत का?

येत्या रविवारी कार्ड परत द्या. कॉम्प्युटरच्या मागचा स्विच बंद करून ते त्यालाच बसवू द्या, पॉवरची केबल खट् आवाज येईपर्यंत दाबायला सांगा. मग शेजारी खुर्ची ओढून बसा आणि तो 'कॉम्प्युट'चा आलेख त्याच्याकडूनच समजून घ्या.