स्कूबी-डू आजच्या मुलांसाठी नव्यानं करायचं तर काय बदलावं?

बदलायचं कमी, सांभाळायचं जास्त. १९६९ साली हॅना-बार्बेरा या अमेरिकी स्टुडिओनं ही कार्टून मालिका आणली: स्कूबी नावाचा कुत्रा आणि चार पोरं व्हॅनमधून फिरत भुताखेतांची रहस्यं सोडवतात. तिची खरी गंमत एकच: भूत खोटं निघायचं. मुखवट्याआड कुणीतरी लोभी माणूस, बहुतेक वेळा जमिनीवर नाहीतर दडवलेल्या पैशावर डोळा ठेवून बसलेला. एवढं टिकलं तर व्हॅनचा रंग कुठला का असेना.

रहस्य मात्र घट्ट हवं. परवा भर दुपारी, कूलरच्या घरघरीत, इथे नागपुरात आठ वर्षांच्या भाच्याला जुना भाग लावून दिला. मुखवटा निघायच्या पाच मिनिटं आधीच पोट्टं म्हणालं, "मामा, तो सुरुवातीचा म्हातारा आहे. दुसरं कोणी आलंच कुठे?" बरोबरच होतं! तेव्हा संशयित वाढवा, पुरावे आधीपासून पेरा. मोबाइल लपवू नका, त्यालाच कामाला लावा: फोटोच्या कोपऱ्यातली सावली, रेकॉर्डिंगमधला पंपाचा आवाज. रेंज गेली हे कारण एकदाच चालतं.

२०१० मध्ये सुरू झालेल्या स्कूबीच्याच 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड' या मालिकेनं एक मोठं रहस्य मालिकाभर ताणलं, ते मला आवडलं. लहानांना जरा जड जातं, पण दहाच्या पुढच्यांना चालेल. २०२३ ची 'वेल्मा', म्हणजे त्या चार पोरांतल्या वेल्मावरची मालिका, मोठ्यांसाठी होती आणि पहिल्या सीझनला त्यात स्कूबीच नाही. तर्रीशिवाय तर्री-पोहे, दुसरं काय.