आजोबांची रॅले 1932ची का 1957ची? हबवरचे आकडे आणि बाकीचे पुरावे

तुमचा प्रश्न वाचला. घरात सगळे आजोबांची रॅले सायकल 1932ची म्हणतात, मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या नळकांड्यावर) एडब्ल्यू आणि 57 4 असं आहे, उजव्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) तीन बंदुका आहेत, शिवाय जुन्या बाजारात घेतलेला शिमानो कंपनीचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा पार्ट) आहे ज्याच्या मागे ई जी अक्षरं आहेत. एकेक घेतो.

आधी हब, कारण सगळ्यात पक्की माहिती तिथेच आहे. गिअरचे हब बनवणारे स्टर्मी-आर्चरवाले हबच्या टरफलावरच साल आणि महिना ठोकायचे, आधी साल मग महिना, म्हणजे तुमचा हब एप्रिल 1957चा, नॉटिंगहॅमचा. युद्धाआधीच्या हबवर सालाचा एकच आकडा सापडतो, त्यामुळे नुसता 8 दिसला तर लोक गोंधळतात. आणि एडब्ल्यू हे तीन स्पीडचं मॉडेलच 1936च्या सुमाराला बाजारात आलं, तेव्हा 1932च्या सायकलला ते कंपनीतून बसून येणं शक्यच नाही. पण थांबा, घरच्यांना लगेच खोटं पाडू नका. हबवरून हब कधीचा ते कळतं, सायकल कधीची ते नाही. चाक बदललेलं असू शकतं, नुसता रिम वाकला म्हणून नाही तर तीन स्पीड पाहिजे म्हणूनही लोक अख्खं मागचं चाक बदलून घ्यायचे. आणि एडब्ल्यूचे आतले पार्ट कित्येक वर्षं एकमेकांना चालतात, म्हणजे 57च्या टरफलात 72ची आतली यंत्रणा निघाली तरी नवल नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो की जो पार्ट बदलायचं कुणाला काही कारणच नसतं तो आधी बघा. टायर, सीट, पायडल, चेन, ब्रेकचे रबर यांच्यावरून साल काढायला जाऊ नका, ते दर काही वर्षांनी बदलतातच. पण हेड बॅज (हँडलखाली समोर लावलेली कंपनीची पट्टी), मडगार्डचे स्टे (आधाराच्या सळ्या), रॉड ब्रेकचे फ्रेमवरचे सांधे, चेनकेस, हे सहसा मूळचे राहतात. हेड बॅजवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचा, नॉटिंगहॅम आहे का आसनसोल. रॅले भारतात बनवणाऱ्या सेन-रॅलेचा कारखाना आसनसोलला होता, आणि पन्नाशीच्या दशकापासून इकडे दिसणाऱ्या कितीतरी रॅले तिथल्या आहेत. त्यात कमीपणा काही नाही, पण 1932 म्हणता येणार नाही ना.

फ्रेम नंबरचे नेटवरचे तक्ते मला फारसे पटत नाहीत. रॅलेनी एकच सलग मालिका चालवलेली नाही, त्यामुळे तोच नंबर दोन वेगळ्या दशकांत बसवून दाखवता येतो. बाकी सगळं जुळल्यावर आधाराला घ्या, सुरुवात तिथून करू नका.

आता बंदुका. ती बीएसएची, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीची खूण, तिचा मूळ धंदा शस्त्रांचा. रॅलेच्या स्वतःच्या चेनव्हीलमध्ये (क्रँकच्या दातेरी चाकात) बगळ्यासारखा हेरॉन कापलेला असतो, तेव्हा तुमचा क्रँक नंतर कुणीतरी घातलाय असं समजा. बीएसएचा सायकलचा धंदा 1957 साली रॅलेकडे गेला हे खरं, पण त्यावरून जोडणी कंपनीतलीच असं धरणं म्हणजे ओढूनताणून. शिवाय बंदुका दिसल्या म्हणजे इंग्लंड असंही नाही, मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्स बीएसए काढत होतीच. क्रँकच्या मागच्या बाजूला इंग्लंड लिहिलंय का बघा. स्पोकची भोकं मोजून (पुढे 32, मागे 40) इंग्लिश ठरवणारेही भेटतात, पण इकडच्या काळ्या सायकलींनाही तीच पद्धत होती.

अक्षरं वाचण्यासाठी सँडपेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको! रॉकेलमध्ये भिजवलेला जुना टूथब्रश, मग कोरडं पुसून वर खडू चोळा आणि टॉर्च बाजूने आडवा धरा, निम्मे आकडे तेवढ्यावरच उघडे पडतात.

डिरेलर सोपा आहे. शिमानोच्या दोन अक्षरांत पहिलं साल, दुसरं महिना. ए म्हणजे 1976, तिथून पुढे एकेक, आणि महिने ए ते एल. ई जी म्हणजे जुलै 1980. अक्षरं संपल्यावर परत ए पासून सुरुवात झाली, पण तुमचा डिरेलर शिमानोचं 600 मॉडेल, नक्षीवाला असेल तर 1980च, नंतर ती नक्षी राहिली नाही. डिरेलर बनवणाऱ्या सनटूर कंपनीचीही पद्धत हीच, फक्त त्यांचा ए 1958 आणि दुसऱ्या फेरीत 1984, म्हणून शिमानोचा तक्ता त्याला लावू नका, अठरा वर्षं चुकतील. कँपॅग्नोलो कंपनीच्या रेकॉर्ड मॉडेलच्या डिरेलरवर पेटंट 73 असं दिसलं तर ते पेटंटचं साल नाही, तो पार्टच 73चा.

एक काम मात्र घाईने करू नका. बॉटम ब्रॅकेटचे (क्रँक जिथे फ्रेममध्ये फिरतो तिथले) कप बदलायला दुकानात दिलेत तर आधी सांगा की रॅलेचे आटे इंचाला 26, नेहमीच्या इंग्लिश कपांचे 24. जोर लावून फिरवलं की फ्रेमचे आटे गेले. आणि हेड बॅज, क्रँकची मागची बाजू, दोन्हीचे फोटो टाका, मग बघू.