लक्ष, लक्ष्य आणि घाबरलेला चेहरा

प्रश्न असा आहे की मेंदूवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना 'भेदरलेला चेहरा आपले लक्ष्य वेधतो' हे चालेल का, की अटेन्शनला अवधान म्हणावं, आणि एक्सप्रेशनला हावभाव बरोबर का.

लक्ष्य नाही हो, लक्ष! सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीत 'कृपया लक्ष्य द्या' वाचून वाटतं, घ्या, दिलं लक्ष्य, मारा आता बाण. शंभर हजारवालं लक्ष सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. 'ध्यान द्या'ही नको, ते हिंदीचं, मराठीत ध्यान देत नाहीत, ते दारात येऊन उभं राहतं.

खरी गंमत 'वेधणे'त आहे. मूळ धातू व्यध्, म्हणजे टोचणं, कान टोचतात तो कर्णवेध. म्हणजे लक्षवेध हा मुळात तिरंदाजीचा शब्द, आणि संस्कृतात (हे हळूच सांगतो, नाहीतर नोटीसवाले नाचतील) लक्ष या शब्दाचाही अर्थ निशाण होतो. अर्जुन नेम धरणारा, पक्ष्याचा डोळा निशाण. पण मराठीत आपण म्हणतो त्या चेहऱ्याने माझं लक्ष वेधलं, म्हणजे बाण चेहऱ्याच्या हातात आणि भोक पडलं आपल्याला! विधानसभेतली लक्षवेधी सूचना हीच, मंत्र्याला टोचायची.

आणि मेंदूवाल्यांचं भांडण नेमकं यावरच चाललंय, की आपलं लक्ष दुसरीकडे असलं तरी भेदरलेला चेहरा मेंदूला टोचतो का. 2001 साली व्हिलेमिये या मेंदूसंशोधकाने आणि मंडळींनी लंडनमध्ये लोकांना एकाच वेळी दोन चेहरे आणि दोन घरं दाखवली, कधी चेहऱ्यांची तुलना करा म्हणाले कधी घरांची. घरांकडे लक्ष असताना चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग थंडावला, पण अमिग्डाला, म्हणजे भीतीची दखल घेणारा मेंदूचा भाग (ग्रीकमध्ये बदाम, आकारावरून), भेदरलेल्या चेहऱ्याला तेवढीच दाद देत राहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पेसोआ वगैरेंनी चेहरा मधोमध ठेवून कडेच्या पट्ट्यांचा तिरकेपणा ताडायचं किचकट काम दिलं, तर चेहऱ्यावरच्या भावाने अमिग्डालात पडणारा फरकच गायब! लक्ष पुरतं गुंतलं तर भीतीलाही आत जागा नाही.

माझं म्हणणं, हा वाद मराठी क्रियापदांत आधीच मांडून ठेवलाय. लक्ष देतो ते आपण, लक्ष जातं ते आपोआप, लक्ष वेधलं जातं ते समोरच्याने. लंडनवाले म्हणणार, लक्ष न देताही ते जातंच. पेसोआ म्हणणार, शिल्लक असेल तर जाईल ना! आता मानसशास्त्राच्या पुस्तकांनी अटेन्शनला अवधान ठरवलंय, ठरवू देत, पण त्या परिभाषावाल्यांनी मला एक वाक्य करून दाखवावं, 'कुत्रा भुंकला आणि माझं अवधान गेलं'. नाही होत! अवधान म्हणजे अव अधिक धा, मुद्दाम नेऊन ठेवलेलं, ते देता येतं, राखता येतं, सुटतंही, पण आपल्या पायांनी कुठे जात नाही. म्हणजे निम्मा प्रयोग ज्या शब्दात मावत नाही तो शब्द त्याच प्रयोगाला लावायचा, हा कुठला शहाणपणा? नुसतं 'सावधान' म्हटलं तर निदान भीती आणि अवधान एकत्र तरी येतात, पण तो विषय वेगळा, त्यावर मी तासभर बोलेन.

हां, हावभाव. त्यात हातवारेसुद्धा आले. फोटोत मानेखालचं काही नसेल तर मुद्रा म्हणा. आणि त्या लक्ष्यातला य आधी काढा.