दिवाळीच्या सुट्टीत लेक कोमो की फ्लोरेन्स?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल वाचला. आईला घेऊन इटलीला जायचं ठरवलंस, तेही स्वतःच्या पगारातून, हे वाचून फार बरं वाटलं. आता तुझा प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीतले सहा मुक्काम उत्तर इटलीतल्या लेक कोमो या तळ्याच्या काठी निवांत काढायचे की फ्लोरेन्सला? दोन्हीकडचे फोटो जोडून तू विचारलंस, "मॅडम, तुम्हाला कुठलं जास्त आवडतं?" मला लेक कोमो जास्त आवडतं. तरी तू फ्लोरेन्सला जा, असंच मी सांगणार आहे.

तू पाठवलेले तळ्याचे फोटो नीट बघ. तळ्याकाठच्या विला कार्लोत्ता या हवेलीच्या बागेत अझेलियाची फुलं फुललीत, म्हणजे ते एप्रिल-मेमधले. बाकीच्यांत लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत जेट्टीवर बसलेत. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. नोव्हेंबर लागला की तळ्याकाठची बरीच हॉटेलं थेट मार्च-एप्रिलपर्यंत दारं लावून घेतात, विला कार्लोत्ताची बाग बंद होते, बोटींचं हिवाळी वेळापत्रक सुरू होतं आणि फेऱ्या कमी होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली असतात. त्यामुळे पाचच्या आतच सूर्य मावळतो, आणि तळ्याभोवती डोंगर असल्याने ऊन त्याच्याही आधी जातं. मग संध्याकाळी पाचपासून तू आणि आई हॉटेलच्या खोलीत. काही लोकांना अशी शांतता हवी असते. तुझ्या आईला मी ओळखते. त्यांना समोर माणसं, दुकानं, वर्दळ लागते.

तळ्याला नाव ठेवायला मी हे लिहीत नाहीये. हिमनदीने कोरलेलं, उलट्या 'वाय'च्या आकाराचं ते पाणी चारशे मीटरहून जास्त खोल आहे. तिथे दुपारी दक्षिणेकडून 'ब्रेवा' नावाचा वारा सुटतो आणि सकाळभर गुळगुळीत असलेलं पाणी तासाभरात शहारून जातं. तू भौतिकशास्त्राची, तेव्हा तुला आणखी एक ओढ आहे हेही मला माहीत आहे. कोमो हे बॅटरी शोधणाऱ्या व्होल्टाचं गाव, त्याच्या उपकरणांचं संग्रहालय तळ्याच्या अगदी काठावर आहे. तळ्याकाठच्या वारेन्ना गावातल्या विला मोनास्तेरोत 1953 पासून भौतिकशास्त्राची उन्हाळी शाळा भरते. 1954 साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने स्वतः तिथे व्याख्यानं दिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला. आता ती शाळा त्याच्याच नावाने चालते.

म्हणून कोमोला जाशील तेव्हा मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरात जा, आणि मुक्काम कोमो शहरात न करता वारेन्नात कर. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून तिरानोकडे जाणारी गाडी साधारण तासाभरात तिथे सोडते. जाताना डाव्या बाजूला बस, पाणी तिकडेच दिसतं. वारेन्नाहून बोटीने बेल्लाजो हे गाव पंधरा मिनिटांवर. बेल्लाजोचे फोटो जगभर फिरतात, पण दुपारी तिथल्या पायऱ्यांच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. दिवसाच्या सहलीला आलेले लोक संध्याकाळी परतले की ते गाव पुन्हा गावासारखं होतं, आणि ही वेळ फक्त मुक्कामी असलेल्यांच्या वाट्याला येते. त्यामुळे "फ्लोरेन्सला राहून एक दिवस कोमो उरकता येईल का" या तुझ्या ताजा कलमाला उत्तर नाही असंच. शहराचा एखादा तुकडा एका दिवसात बघून होतो. तळ्याकाठी एका दिवसात फक्त बोटीच्या रांगा बघून होतात.

आता फ्लोरेन्स. तिथे लोक थकतात ते शहरामुळे नाही, यादीमुळे. सकाळी उफ्फिझी, दुपारी आकादेमिया ही कलासंग्रहालयं, मग ड्युओमो या मुख्य चर्चचा घुमट, संध्याकाळी पिआझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकातून सूर्यास्त. असा दिवस आईबरोबर काढलास तर दुसऱ्या दिवशी आई खोलीबाहेर पडणार नाहीत. सहा मुक्काम आहेत, तर रोज एकच मोठी गोष्ट बघ, तीही सकाळी, आणि वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढून. उफ्फिझी आणि आकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. सोमवार आला की कपाळाला हात लावून दारात उभे राहिलेले पर्यटक तुला हमखास दिसतील. उफ्फिझीत लिफ्ट आहे. ड्युओमोच्या, म्हणजे ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या, घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा तिथे तू एकटी जा, आईला समोर कॉफी घेऊन बसव. (कॉफी काउंटरशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, टेबलाशी बसलं की दर वाढतो. आईसाठी तो दर बिनतक्रार दे.) पिआझ्झाले मिकेलांजेलोला चढून जायची गरज नाही, बस जाते.

राहायला नदीपलीकडचा ओल्त्रार्नो भाग बघ, सांतो स्पिरितो चौकाच्या आसपास. तिथे अजून चामड्याची, लाकडाची, फ्रेमांना सोनेरी वर्ख लावायची कामं करणारे कारागीर आहेत, सकाळी चौकात भाजी-फुलांचे ठेले लागतात. तुला तळ्याकाठी जो निवांतपणा हवा होता, तो इथे चौकातल्या बाकावरही मिळतो, आणि पाऊस आला तर चार पावलांवर आसरा असतो. पाऊस येणारच. नोव्हेंबर हा तिथला भर पावसाचा महिना. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीने शहर बुडवलं होतं, आणि त्या दिवशी पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या पाट्या अजून भिंतींवर आहेत. सांता क्रोचे चर्चच्या परिसरात त्या शोध. डोक्याच्या वरची रेघ बघून आईही दोन मिनिटं थबकतील.

त्याच सांता क्रोचेत गॅलिलिओची समाधी आहे. आणि नदीकाठच्या गॅलिलिओ संग्रहालयात त्याच्या दुर्बिणी आहेत, ज्या भिंगातून त्याने गुरूचे चंद्र पाहिले ते भिंग आहे, आणि काचेच्या अंड्यात उभं ठेवलेलं त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आहे. व्होल्टा आणि फर्मी चुकल्याची भरपाई यातून होईल असं धरून चालू.

एका सकाळी मात्र माझ्यासाठी वाट वाकडी कर. शहराच्या पश्चिमेला कास्चिने नावाचं लांबच लांब उद्यान आहे. ट्रामने त्याच्या अलीकडच्या टोकाशी पोचता येतं. पलीकडचं टोक गाठायला मात्र टॅक्सीच कर, आईंना तेवढं चालवू नकोस. त्या टोकाशी, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. हे शाहू महाराजांच्या आधीचे, ज्यांच्या नावाने राजाराम कॉलेज आहे ते. इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लोरेन्समध्येच ते वारले, जेमतेम विशीत. तेव्हा फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. हिंदू पद्धतीने दहन करायची खास परवानगी मिळाली आणि ते या संगमावर झालं. 1874 साली तिथे छत्री आणि रंगीत अर्धपुतळा उभारला. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. तुझं आजोळ कोल्हापूरचं. आईला आधी काही सांगू नकोस, थेट तिथे घेऊन जा.

आईच्या शाकाहारी खाण्याची काळजी तू नको तेवढी करतेस. तोस्काना, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतातलं, घरगुती जेवण म्हणजे घेवडा, काळपट पानांची कोबी, शिळा पाव आणि ऑलिव्ह तेल. 'रिबोल्लिता' (घेवडा, कोबी आणि पावाचं दाट सूप) आणि 'पाप्पा अल पोमोदोरो' (टोमॅटो आणि पावाचं) मागव. सूपला मटणाचं पाणी वापरलंय का एवढं विचार, रिसोत्तो या मऊ भाताच्या वेळी तर नक्की विचार. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. आईला ते चालणार नसेल तर "चीज नको" हे इटालियनमध्ये कागदावर लिहून ठेव. तिथल्या पावात मीठ नसतं, बिघडलाय असं समजू नका. नोव्हेंबरात नवं तेल निघतं, हिरवंगार आणि घशाला झोंबणारं. भाजलेल्या पावावर तेच घालून खा. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतील. तळ्याकाठी गेली असतीस तर तुझी मात्र चंगळ होती: तिथे तळ्यातले मासे खारवून उन्हात वाळवतात, तमालपत्राबरोबर दाबून ठेवतात आणि भाजून पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर देतात. आपल्या सुक्या बांगड्यांची आठवण येते. ते पुढच्या वेळी, आई बरोबर नसताना.

तुझ्या मैत्रिणीने सुचवलेला मधला मार्ग, म्हणजे वेरोनाला राहून गार्दा तळं बघायचं, तसा वाईट नाही. गार्दाकाठचं देझेन्झानो रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे आणि वेरोनात आरेना हे रोमन काळातलं खुलं रंगमंडळ भर चौकात उभं आहे. पण तिथला ऑपेरा उन्हाळ्यात असतो, आणि गॅलिलिओ किंवा राजाराम महाराज यांपैकी तिथे कोणी नाही.

आता कामाचं. मिलानहून फ्लोरेन्सला वेगवान गाडीने साधारण दोन तास, रोमहून दीड. ही तिकिटं जितकी आधी तितकी स्वस्त, म्हणून विमान पक्कं झालं की लगेच काढ. लोकल गाड्यांचे दर ठरलेले असतात, ती तिथेच घे, आणि कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घे. गाडी भाड्याने घेऊ नकोस. जुन्या शहरात परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा ऑक्टोबरची वाट बघू नकोस. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. आईचा काढताना गुडघ्याचं जुनं दुखणं लपवू नकोस. आणि ओल्त्रार्नोतल्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून पैसे भरण्याआधी घरमालकाला खोली कितव्या मजल्यावर आहे ते लेखी विचार. त्याचं उत्तर आलं की मला पाठव, मी बघते.

तुझी,
मॅडम