सोडियमसाठी थांबायचं की लिथियम घ्यायची?

ताई, संगमनेरला तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी गेली, 100 अँपिअर-अवरच्या लिथियमचे 32,000 सांगितलेत, आणि भाचा म्हणतो, 'मावशी, वर्षभर थांब, सोडियमची निम्म्यात येईल.'

थांबू नका. तुम्हीच लिहिलंय, रोज दोनेक तास वीज जाते आणि अडीचशे रुपयांचं काम बुडतं. महिन्याचे 25 दिवस धरले तरी 6,250 झाले. वर्षात 75,000 घालवून फार तर 16,000 वाचवायचे, तेही भाच्याचा अंदाज खरा ठरला तर!

त्या अंदाजाला आधार आहे. सोडियम मिठातही सापडतो, आणि या बॅटरीत तांब्याच्या पातळ पत्र्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम चालतं. पण 2022 मध्ये कडाडलेला लिथियम कार्बोनेटचा भाव पुढच्या दोन वर्षांत कोसळला. लिथियमच स्वस्त झाल्यावर सोडियमचा फायदा आक्रसला.

वजनाचं म्हणाल, तर सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड. सीएटीएल या चिनी कंपनीने 2021 मध्ये आपल्या सोडियम सेलसाठी किलोमागे 160 वॉट-तास वीज साठते असं सांगितलं होतं, 2025 मध्ये 175. इन्व्हर्टरमध्ये वापरतात त्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीचे चांगले सेल तेवढं आधीपासून देतात. बाजारातले बरेच सोडियम सेल याहून खाली आहेत. अर्थात कोपऱ्यात ठेवायच्या बॅटरीला तीन-चार किलो जास्त झाले म्हणून काही बिघडत नाही. स्कूटरला मात्र ते जाणवतं. आणि कडाक्याच्या थंडीत सोडियम सरस ठरते, त्याचा संगमनेरात काय उपयोग?

मला जास्त काळजी व्होल्टेजची वाटते. सोडियमचा सेल रिकामा होताना व्होल्टेज बराच खाली येतो. बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास उतरली की घरगुती इन्व्हर्टर बंद पडतात, म्हणजे भरलेली वीज आतच राहणार. तेव्हा इन्व्हर्टरही बदलावा लागेल. हा खर्च भाच्याने धरलेला नाही.

पैशांसाठी दीड लाखाची मुदत ठेव मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून बँकेचं कर्ज, घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त पडतं. वाचलेल्या कामाचे 6,250 दरमहा त्यात भरलेत, तर सहा महिन्यांत कर्ज फिटेल.

पैसे देण्याआधी इन्व्हर्टरवर लिथियमचं सेटिंग आहे का, ते दुकानदाराकडून चालू करून बघा. नसेल तर इन्व्हर्टरसकट भाव मागा आणि मला पुन्हा लिहा, कारण मग वरचा हिशेब बदलेल.